गावदुमी पाय : सुताराच्या ज्ञानाचा विचार

घराच्या पहिल्या खोलीत, दारालगतच्या भिंतीशी उभे राहणारे छोटे लाकडी टेबल ही सुतारकामातील अगदी साधी वस्तू मानली जाते. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या आणि वर एक फळी, एवढाच तिचा पसारा असतो. तिचे पाय वरून खाली निमुळते होत गेलेले असले, तर पाहणारा त्याला नजाकत म्हणतो आणि विषय तेथेच संपतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की पायाचे हे निमुळतेपण शोभेच्याही आधी एक विचार आहे. द्रव्य कोठे लागते आणि कोठे लागत नाही, याचा तो लाकडात केलेला निर्णय आहे, आणि असा निर्णय करता येणे हे ज्ञान या संज्ञेला पूर्णपणे पात्र आहे. मराठी समाजाने हे ज्ञान शतकानुशतके वापरले, परंतु ते ज्यांच्या हातात होते त्यांना ज्ञाते मानले नाही. हा प्रश्न तपासायला छत्रपती संभाजीनगरचा परिसर विशेष उपयोगी पडतो, कारण लाकडातून जन्मलेले आकार दगडात कसे उतरले आणि त्यांचे कारण वाटेत कसे मागे राहिले, हे या परिसराइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी पाहता येते.

आरंभ शब्दांपासून करणे योग्य ठरेल, कारण या व्यवसायाचा विचार त्याच्या शब्दांत साठलेला आहे. ‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला आहे. सूत्रधार म्हणजे दोरी धरणारा, रेषा ठरवणारा. नाटकाचा आरंभ करून देणाऱ्यालाही हीच संज्ञा आहे. म्हणजे या माणसाची ओळख भाषेने करवतीवरून किंवा वाकसावरून न ठरवता, लाकडाला हत्यार लागण्यापूर्वी जी रेघ आखली जाते तिच्यावरून ठरवली. ‘सूत’ हे या व्यवसायातील मापही आहे. इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, याला सुतार एक सूत म्हणतो आणि ‘दोन सूत कमी कर’ असे सांगितले की शिकाऊ मुलाला ते नेमके कळते. निमुळत्या आकारासाठी मराठीत ‘गावदुमी’ असा फारसीतून आलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ गाईच्या शेपटीसारखा, असा होतो. संस्कृत परंपरेतील ‘गोपुच्छ’ ही कल्पना अगदी हीच आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने यती, म्हणजे लयीच्या गतीचा नियम, सांगताना समा, स्रोतोगता आणि गोपुच्छा असे तीन प्रकार मांडले आहेत. आजच्या छत्रपती संभाजीनगरापासून पंधरा किलोमीटरांच्या आसपास असलेल्या देवगिरी किल्ल्याच्या सावलीत संगीताच्या शास्त्रकाराने जी उपमा ग्रंथात नोंदवली, तीच उपमा सुताराच्या बोलीत वेगळ्या भाषेच्या वाटेने पोचली. एका ठिकाणी तिला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली आणि दुसऱ्या ठिकाणी ती कारखान्यातील बोली राहिली, हा फरक उपमेच्या गुणवत्तेतून आलेला नाही.

हे टेबल प्रत्यक्षात कसे बनते हे सविस्तर पाहिल्याशिवाय वरील दाव्याला आधार मिळणार नाही. साधारण ९० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ७२ सेंटिमीटर उंच असे टेबल डोळ्यांसमोर आणावे. त्याचा पाय ७० सेंटिमीटर लांब आणि माथ्याशी ४० मिलिमीटर चौरस आहे; वरचे १२ सेंटिमीटर सरळ ठेवून तेथून तो निमुळता होत जातो आणि जमिनीशी २२ मिलिमीटर चौरस उरतो. पायासाठी लाकूड निवडताना पहिला विचार रेषांचा करावा लागतो. झाडाच्या वाढीने लाकडात जे लांबट धागे तयार होतात, ते पायाच्या लांबीला समांतर धावायला हवेत. ते तिरपे असतील तर निमुळता भाग कापताना धागे मध्येच तुटतात आणि पायाचे खालचे टोक एखाद्या धक्क्याने त्याच तिरप्या रेषेवर चिरते. सरळ रेषांचा साग येथे श्रेष्ठ ठरतो, कारण तो रंध्याखाली नीट येतो, सुकल्यावर फारसा पिळत नाही आणि त्याच्या अंगचे तेल वाळवीला दूर ठेवते. बाभूळ त्याहून कठीण असते आणि मराठवाड्यातील गाड्या व औते तिच्यावरच उभी राहिली. परंतु तिच्यात बारीक, सरळ पाय काढण्याजोगी लांबी विनागाठीची मिळणे दुर्मीळ असते.

यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. निमुळता भाग आधी कापावा आणि सांधे मागाहून करावेत असे नवख्याला वाटते. अनुभवी सुतार नेमके उलट करतो. पाय अजून चारही बाजूंनी सरळ आणि काटकोनात असतानाच तो त्याच्या माथ्याजवळ खोबणी पाडतो. खोबण म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ, म्हणजे कुसू, ज्या खाचेत बसते ती खाच. किकऱ्याने, म्हणजे अरुंद आणि जाड पटाशीने, ती खोदताना पाय बाकावर सपाट टेकलेला असावा लागतो आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, लावायला खरी सपाट बाजू असावी लागते. निमुळता झालेला पाय ही खात्री देऊ शकत नाही, कारण त्याच्या दोन बाजू आता कशालाच समांतर उरलेल्या नसतात. म्हणून आधी काटकोन सिद्ध करायचा, सांधा पुरा करायचा, आणि मग त्या काटकोनापासून हिशेबाने दूर जायचे, असा हा क्रम आहे. वळण घेण्यापूर्वी ते कोणत्या सरळ रेषेपासून घ्यायचे हे पक्के असणे, ही विचारातीलही शिस्त आहे. उतार फक्त आतल्या दोन बाजूंना दिला जातो आणि बाहेरच्या दोन बाजू ओळंब्यात उभ्या राहतात. त्यामुळे टेबलाची बाह्यरेषा ठाम दिसते, आणि आतली मोकळी जागा खाली जाताना रुंदावत गेल्याने वस्तू हलकी वाटते. उतारावर रंधा चालवतानाही तो जाड भागाकडून बारीक भागाकडे, म्हणजे धागे ज्या दिशेने पृष्ठभागाबाहेर पडतात त्याच दिशेने चालवायचा असतो. उलट चालवला तर पाते धाग्यांखाली शिरून ढलपी उपसते.

आता या आकाराचे कारण पाहू. टेबलावर ठेवलेला भार पायांवरून सरळ खाली उतरतो आणि त्यासाठी २२ मिलिमीटर चौरस सागसुद्धा गरजेपेक्षा कितीतरी जास्त पुरतो. पायाची खरी परीक्षा आडव्या जोराने होते, म्हणजे टेबल ओढले, ढकलले किंवा कोणी त्याला अडखळले की होते. अशा वेळी जमीन पायाच्या टोकाला आडवी धरते आणि माथ्याशी असलेला सांधा तो ताण पेलतो. पायाला वाकवणारा हा परिणाम, ज्याला यंत्रशास्त्रात नमन-आघूर्ण म्हणतात, जमिनीशी शून्य असतो आणि वर जाताना उंचीच्या प्रमाणात वाढत सांध्यापाशी सर्वाधिक होतो. दुसरीकडे चौरस पायाची वाकण्याला विरोध करणारी ताकद त्याच्या बाजूच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वरील मापांचा हिशेब मांडला, तर निमुळत्या भागाच्या मध्यावर पाय ३१ मिलिमीटर चौरस असतो आणि तेथील ताकद उताराच्या आरंभीच्या ताकदीच्या सुमारे ४६ टक्के भरते. त्या ठिकाणचे आघूर्ण मात्र आरंभीच्या ५० टक्के असते. याचा अर्थ असा की उताराच्या वरच्या अर्ध्या भागात लाकडावरील ताण जवळजवळ सर्वत्र सारखा राहतो, कोणताही भाग बसून खात नाही आणि कोणताही भाग एकटा राबत नाही. सरळ पायात मध्यावरचे अर्धे लाकूड नुसते ओझे म्हणून उभे असते. निमुळत्या पायात मूळच्या ११२० घन सेंटिमीटर लाकडापैकी सुमारे ३५५ घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, निघून जाते आणि तरीही सांध्यापाशी ताकद तसूभरही कमी होत नाही. ज्या सुतारांनी हा आकार डोळ्याने आणि हाताने ठरवला त्यांनी घनाचे समीकरण कधी मांडले नसेल. पण त्यांची नजर ज्या मापावर स्थिरावली ते माप समीकरणाच्या इतके जवळ येते, याला योगायोग म्हणणे अवघड आहे. मोडलेले पाय पाहणे, ते दुरुस्त करणे आणि पुढच्या वेळी दोन सूत कमीजास्त करणे, या पिढ्यानपिढ्यांच्या तपासणीतून ते आलेले आहे.

या तत्त्वाचा एक पुरावा निमुळतेपणाच्या दिशेत सापडतो. देवगिरीच्या पायथ्याशी पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने उभारलेला चांद मिनार साठ मीटरांहून उंच आहे आणि तो खाली रुंद व वर निमुळता आहे. झाडाचे खोडही असेच असते. टेबलाचा पाय मात्र उलटा, म्हणजे वर जाड आणि खाली बारीक असतो. या दोन्ही आकारांत विरोध नाही, कारण दोघांचा नियम एकच आहे. वस्तू जेथे घट्ट धरलेली असते तेथे तिला जाडी लागते आणि तेथून दूर जाताना ती जाडी सोडता येते. मिनार आणि झाड जमिनीत रोवलेले असतात. टेबलाचा पाय जमिनीवर नुसता टेकलेला असतो आणि त्याचे मूळ वरच्या सांध्यात असते. हा नियम मराठवाड्याच्या सुताराला टेबलाच्या कितीतरी आधी माहीत होता. नांगराचा हळस, म्हणजे खोडापासून जुवापर्यंत जाणारा लांब दांडा, खोडात बसतो तेथे जाड असतो आणि जुवाकडे बारीक होत जातो. बैलगाडीच्या चाकाचे आरे मधल्या तुंब्याकडे भरीव असतात. म्हणून निमुळता पाय या प्रदेशाला परका होता असे म्हणता येत नाही. टेबल ही वस्तू नवी होती, पण तिच्या पायात जे तत्त्व होते ते औताफाट्यात मुरलेले होते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. निमुळता पाय ही इंग्लंडातून आलेली फॅशन आहे, तिला यंत्रशास्त्राचा मुलामा देण्याचे कारण नाही, असे म्हणता येईल. चौरस निमुळत्या पायांचे टेबल-खुर्च्यांचे नमुने जॉर्ज हेपलव्हाइट याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे सर्वत्र पसरले, हे खरेच आहे. विसाव्या शतकात चंडीगडच्या उभारणीच्या वेळी पिएर जानरे याने सरकारी कचेऱ्यांसाठी सागाचे जे साधे फर्निचर योजले, त्यातही निमुळते, तिरपे पाय आहेत. परंतु एखादा आकार फॅशनमुळे पसरला म्हणून तो फॅशनमुळे जन्मला असे ठरत नाही. फॅशन ज्या आकारांना उचलते त्यांतले बहुतेक पुढच्या पिढीत टाकून दिले जातात. जे वेगवेगळ्या काळांत आणि खंडांत पुन्हा पुन्हा परत येतात, त्यांच्यामागे काहीतरी टिकाऊ कारण असते. शिवाय पायाचे निमुळतेपण कोणत्या बाजूला, कोठून आणि किती, हे फॅशन सांगत नाही. सांधा संपण्याच्या आत उतार सुरू केला तर पट्टीची कड आणि पाय यांच्यामध्ये फट दिसते; चारही बाजूंना सारखा उतार दिला तर टेबल चवड्यांवर उभे असल्यासारखे डळमळीत वाटते. ही उत्तरे सांध्याच्या व डोळ्याच्या अभ्यासातून येतात.

लाकडाच्या बाबतीत दुसरा विचार हवामानाचा आहे, आणि येथे स्थान निर्णायक ठरते. एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरची हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दमट होते. लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. त्याबरोबर ते रुंदीत फुगते आणि आक्रसते, लांबीत मात्र जवळजवळ स्थिर राहते. हिरवा साग पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने साधारण पाच ते सहा टक्के आणि वलयांना छेदणाऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याने आक्रसतो. सुकवलेल्या, ३० सेंटिमीटर रुंदीच्या फळीतही उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात दोन-तीन मिलिमीटरांचा, म्हणजे जवळपास एका सुताचा, फरक पडू शकतो. फळी खालच्या चौकटीला चहूकडून खिळ्यांनी किंवा डिंकाने जखडली, तर ती एखाद्या उन्हाळ्यात मधोमध उकलते. म्हणून पट्ट्यांच्या आतल्या बाजूला खाच पाडून तीत लाकडी गुटके अडकवले जातात. ते फळीला खाली धरून ठेवतात, पण आडवे सरकू देतात. पायाच्या तळाची गोष्टही अशीच आहे. तेथे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडे असतात, आणि रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या शहाबादी फरशीवर ती पाणी शोषून घेतात, म्हणून पॉलिशचा पहिला हात दिसणाऱ्या भागावर न देता या न दिसणाऱ्या तळाला द्यावा लागतो. चांगले काम म्हणजे घट्ट काम, ही समजूत येथे अपुरी ठरते. कोठे पक्के धरायचे आणि कोठे मोकळीक ठेवायची, याचा भेद ज्याला कळतो त्याचेच काम टिकते.

या पार्श्वभूमीवर वेरूळच्या दहाव्या लेण्याकडे पाहिले म्हणजे आकार आणि कारण यांचा संबंध अधिक स्पष्ट होतो. सातव्या शतकातील हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, लोकांमध्ये विश्वकर्मा लेणे किंवा सुताराची झोपडी म्हणून ओळखले जाते. अठ्ठावीस अष्टकोनी खांबांच्या वर असलेल्या त्याच्या कमानदार छतावर एकामागून एक अशा दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. लाकडी छपराला आतून जसे वाकवलेले वासे असतात, तशा त्या आहेत. या फासळ्या काहीही पेलत नाहीत, कारण डोंगर स्वतःच स्वतःला पेलतो. या आकाराची वंशावळ पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या लेण्यांत सापडते. भाजे येथे इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातील चैत्यात खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत, कारण खऱ्या लाकडी मंडपात कमानीचा बाहेर ढकलणारा जोर पेलायला खांब तसे झुकवावे लागत. तेथे आणि कार्ले येथे दगडी छताला प्रत्यक्ष लाकडी फासळ्या बसवलेल्या आजही दिसतात. अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या नवव्या व दहाव्या लेण्यांतही अशा लाकडी फासळ्या होत्या. पाचव्या शतकातील एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत त्या दगडाच्याच झाल्या. म्हणजे प्रथम लाकूड काम करत होते, मग ते दगडाला नुसते चिकटून राहिले आणि शेवटी दगडानेच लाकडाचे रूप घेतले. या प्रवासात आकार टिकला आणि कारण टप्प्याटप्प्याने मागे पडले. यात शिल्पकाराचा दोष मुळीच नाही, कारण त्याला जुन्या पवित्र घराची आठवण जपायची होती आणि ती त्याने अद्वितीय रीतीने जपली. परंतु आठवण जपणे आणि कारण जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दगडी फासळ्यांवरून कोणी नवे लाकडी छत उभारू लागला, तर वासा कसा वाकवावा, कोठे जोडावा आणि त्याचा जोर कोठे उतरवावा, यांपैकी काहीही त्या सांगणार नाहीत.

ज्यांना हे कारण ठाऊक होते त्यांची नावे क्वचितच उरली आहेत. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट येथील सामी नावाच्या वढकीचा, म्हणजे सुताराचा, उल्लेख असलेला लेख आहे आणि त्यात त्याने मुखाचे काम केल्याची नोंद आहे. दात्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या नावांमध्ये ते एक नाव लाकूड हाताळणाऱ्याचे आहे, म्हणून ते मोलाचे आहे. पुढच्या काळात अशी नोंद आणखी विरळ झाली. चंडीगडच्या ज्या खुर्च्या एकेकाळी भंगारात टाकल्या गेल्या आणि नंतर परदेशी लिलावांत प्रचंड किमतींना विकल्या गेल्या, त्या योजणाऱ्या वास्तुकाराचे नाव जगभर घेतले जाते. ज्या स्थानिक सुतारांनी त्या हाताने घडवल्या, त्यांची नावे लिलावाच्या पुस्तिकांत सहसा नसतात. योजनेला कर्ता असतो आणि घडवण्याला केवळ मजूर असतो, ही कल्पना किती खोल रुजली आहे याचे हे आधुनिक उदाहरण आहे.

या कल्पनेची देशी मुळे बलुतेदारीत आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात महाराष्ट्रातील खेड्याची ही व्यवस्था तपशिलाने वर्णिलेली आहे : सुताराने वर्षभर शेतकऱ्याची औते दुरुस्त करायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपला वाटा घ्यायचा. या व्यवस्थेबद्दल हळहळ व्यक्त करण्याचा मोह होतो, कारण तिने हाताचे ज्ञान पिढ्यानपिढ्या पोचवले. परंतु तिने ते जन्माशी बांधले, त्याला लेखी परंपरेपासून वेगळे ठेवले आणि ज्ञान कोणाचे व कष्ट कोणाचे हे आधीच ठरवून टाकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील निबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते आणि त्यांना श्रेणीत लावते. छत्रपती संभाजीनगरातच १९५० मध्ये त्यांनी महाविद्यालय सुरू केले, त्यामागे ज्ञानाचे दार जन्मावर अवलंबून राहू नये हाच विचार होता. सुतारकीच्या बाबतीत त्यातून दोन निष्कर्ष निघतात. सुताराच्या मुलाला सुतारच होण्याची सक्ती नसावी; आणि जो सुताराच्या घरी जन्मला नाही त्यालाही हे ज्ञान शिकण्याचा हक्क असावा. पहिला निष्कर्ष समाजाने बऱ्याच अंशी स्वीकारला. दुसऱ्याकडे त्याने जवळजवळ पाठ फिरवली. त्यामुळे जुन्या घरांतून हे ज्ञान बाहेर पडले, पण शाळेत शिरले नाही.

ते शाळेत शिरावे असा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला होता. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींची नई तालीमची कल्पना मांडली गेली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यात सूतकताई व शेती यांच्याबरोबर सुतारकाम हाही एक मूळ उद्योग होता. उद्योग हा शिक्षणाला जोडलेला छंद नसून गणित, विज्ञान आणि भाषा शिकण्याचे माध्यम आहे, ही त्यामागची भूमिका होती. नंतरच्या काळात ही योजना क्षीण झाली आणि हाताचे काम अभ्यासक्रमात कार्यानुभवाच्या एखाद-दुसऱ्या तासापुरते उरले. निमुळत्या पायाचे उदाहरण दाखवते की मूळ भूमिका चुकीची नव्हती. एकाच पायात समरूप त्रिकोण, घनाचे प्रमाण, लाकडाची शरीररचना, आर्द्रता आणि बल यांचे धडे सामावलेले असतात, आणि उत्तर चुकले तर ते परीक्षकाला विचारावे लागत नाही, कारण टेबल डुगडुगते.

प्लायवूड आणि दाबून केलेल्या तक्त्यांच्या काळात या साऱ्याचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो टाळता येणार नाही. थर आडवेउभे चिकटवलेले प्लायवूड रुंदीत फारसे फुगत नाही, ते स्वस्त पडते, आणि सिडकोच्या लहान घरात राहणाऱ्या कुटुंबाला परवडणारे टेबल त्यातूनच मिळते. त्याला कमी लेखणे अन्यायाचे होईल. प्लायवूड हेही लाकडाच्या आक्रसण्याचा नीट अभ्यास करूनच सुचलेले उत्तर आहे. प्रश्न साहित्याचा नसून कारण माहीत असण्याचा आहे. प्लायवूडमध्ये निमुळता पाय करायचा म्हणून त्याच्या पट्ट्या कापून स्क्रूने तक्त्याखाली ठोकल्या, तर आकार हुबेहूब येतो, पण पायाला धरून ठेवणारा वरचा सांधा नसतो. धक्का बसला की स्क्रू थरांमधून उपसून येतात. अशा पायाची स्थिती वेरूळच्या फासळीसारखी झालेली असते, फक्त तिला सांभाळायला मागे डोंगर नसतो. ज्याला कारण कळते तो प्लायवूडच्या फळीखालीही खऱ्या लाकडाची चौकट आणि कुसवाचा सांधा योजतो, आणि दोन्ही साहित्यांचा मान राखतो.

मराठवाड्यासारख्या विरळ जंगलाच्या प्रदेशात या ज्ञानाला नैतिक बाजूही आहे. किनवटच्या पट्ट्यात साग आहे, तरी विभागाची गरज भागेल इतके जंगल येथे नाही, आणि चांगला साग चंद्रपूर-बल्लारपूरकडून येतो. पन्नास-साठ वर्षे वाढलेल्या झाडाचे लाकूड वापरताना ते कोठे लागत नाही हे माहीत असणे, ही त्या झाडाविषयीची जबाबदारी आहे. फळीवर दोन पाय एकाचे डोके दुसऱ्याच्या पायथ्याशी येईल असे उलटसुलट आखले, तर निमुळत्या भागातून निघणारे पुष्कळसे लाकूड भुशात न जाता दुसऱ्या पायाच्या कामी येते. भरपूर वापरणे कोणालाही जमते. कमी वापरून तेवढेच टिकाऊ करायचे, तर वस्तूच्या प्रत्येक भागाचे काम समजलेले असावे लागते.

वेरूळच्या दहाव्या लेण्याविषयी आणखी एक नोंद येथे लक्षात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी भारतातील लेण्यांवर १८८० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या काळी सुतार मंडळी या लेण्यात येत आणि स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धाला आपला देव विश्वकर्मा मानून पूजत. अभ्यासकांनी मूर्तीची खरी ओळख सांगितली आणि ती मान्य झाली, हे योग्यच झाले. परंतु त्या सुतारांनी मूर्तीबरोबर आणखी काहीतरी पाहिले होते. त्यांनी मान वर करून छत पाहिले, त्या दगडात वासे, जोड आणि अंतरे ओळखली, आणि हे काम आपल्या माणसाच्या विचारातून आले आहे असे जाणले. मूर्तीच्या बाबतीत त्यांचे वाचन चुकले. छताच्या बाबतीत ते अचूक होते, आणि चैत्यांच्या लाकडी पूर्वरूपाविषयी विद्वानांनी जे पुराव्यानिशी सिद्ध केले, तेच त्यांनी स्वतःच्या हातांच्या ओळखीने वाचले होते. हे वाचन भाबड्या श्रद्धेच्या खात्यात जमा झाले, ज्ञानाच्या खात्यात त्याची नोंद झाली नाही.

ती नोंद आता करता येईल, आणि त्यासाठी स्मारकाची गरज नाही. शहरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, वास्तुकलेच्या महाविद्यालयात आणि नववीच्या वर्गात एक छोटे टेबल पूर्ण घडवून घेतले जावे. शिकवायला हात मुरलेला सुतार शिक्षकाच्या मानाने आणि शिक्षकाच्या वेतनावर बसावा. आणि विद्यार्थ्याने पाय निमुळता का केला, उतार तेथूनच का सुरू केला, आतल्याच बाजूंना का दिला, याचे उत्तर शुद्ध मराठीत लिहून द्यावे. त्या उत्तरपत्रिकेत ‘कुसू’, ‘खोबण’, ‘सूत’ आणि ‘गावदुमी’ हे शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून येतील, त्या दिवशी सूत्रधार या शब्दाचे दोन अर्थ पुन्हा एकमेकांना भेटतील, आणि वेरूळच्या छताखाली उभा राहणारा विद्यार्थी त्या न पेलणाऱ्या फासळ्यांकडे पाहून त्या एकेकाळी काय पेलत होत्या हे सांगू शकेल.